खोकणारी मैना आणि पिवळी टोपली

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी टोपलीबाई सिग्नलच्या खोलीची समुद्राकडची काच बाहेरून पुसत होती. खोली धक्क्याच्या टोकाला, दोन मजले उंच. बाहेर जेमतेम पाऊल मावेल एवढा सज्जा आणि त्याला लोखंडी कठडा. रात्रभर वारा खारं पाणी काचेवर मारतो. ते वाळलं की दुधावर साय धरावी तसा पांढरट थर चढतो. बाई आधी ओलं फडकं फिरवते, मग कोरडं, आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा. वर्तमानपत्राचा याहून चांगला उपयोग तिला आजवर कोणी दाखवून दिलेला नाही.

पुसता पुसता तिची नजर डोक्यावरच्या खांबाकडे जात होती. खांबाच्या आडव्या दांडीवर एक मैना बसली होती. काळी, अंगभर बारीक पांढरे ठिपके, गळ्याची पिसं फुलवलेली.

"गा, गा," बाई तिला म्हणाली. "तुझ्यामुळेच तर माझं नाव झालंय."

मैनेने तिच्याकडे तिरकं पाहिलं आणि चोच पिसांत खुपसली.

खाडीच्या दोन्ही काठांवर तिला खऱ्या नावाने हाक मारणारे फार थोडे उरलेत. टोपलीबाई हे नाव तिच्या कामावरून पडलं आणि काम पडलं एका वाळूच्या दांड्यावरून. हा दांडा खाडीच्या तोंडाशी आहे. ओहोटीला लांबच लांब उघडा पडतो, भरतीला त्याची पाठ तेवढी पाण्यावर राहते. थंडी ओसरली की या पाठीवर सुरय येतात. सुरय म्हणजे मूठभर अंगाचा पांढरा समुद्रपक्षी. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, अंगाच्या मानाने भलतेच लांब पंख. उडता उडता हवेत जागच्या जागी थांबतो, खाली रोखून बघतो आणि दगड सुटावा तसा पाण्यात पडतो. हिवाळा तो कुठल्या तरी दूरच्या उबदार किनाऱ्यावर काढतो. घरटं बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. वाळूत पोटाने खळगा करायचा आणि त्यात वाळूच्याच रंगाची अंडी घालायची, की झाला संसार सुरू.

अडचण एवढीच की फेरीबोटीचा जवळचा रस्ता या दांड्याला खेटून जातो. बोटीमागे उठणारी लाट वाळूवर चढते आणि अंडी भिजतात. म्हणून सुरय आले की पिल्लं उडेपर्यंत बोट बाहेरच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून जाते. पंधरा मिनिटं जास्त लागतात. बोटवाल्याला आणि लोकांना हे कळावं म्हणून सिग्नलच्या खांबावर एक पिवळी टोपली चढवतात. टोपलीच का, तर ज्या वर्षी ही पद्धत पडली त्या वर्षी जुन्या सिग्नलवाल्यांकडे वापरात नसलेलं एकही निशाण उरलं नव्हतं. त्यांनी आपल्या डब्याची टोपली रिकामी केली, दोरीला बांधली आणि ओढली वर. ती टोपली कधीच कुजून गेली. आताची तिच्यानंतरची तिसरी की चौथी. दरवर्षी तिला पिवळा रंग देण्याचं काम बाई स्वतः करते, आणि दरवर्षी तिच्या एका तरी पातळावर त्या रंगाचा डाग पडतो.

टोपली नेमकी कधी चढवायची, हे सिग्नलच्या खोलीने ठरवायचं. नुकतेच आलेले सुरय नव्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे बिचकलेले असतात. वरून घिरट्या घालतात, टेकतात, पुन्हा उठतात. त्याच दिवशी बोट जवळून गेली आणि लाट अंगावर आली, तर जागा बरी नाही असं ठरवून निघून जातात. एका वर्षी बाई आजारी असताना टोपली दोन दिवस उशिरा चढली आणि पूर्ण उन्हाळा दांडा ओकाबोका राहिला. ते तिच्या मनातून जात नाही.

या खोलीत ती आली तीही पक्ष्यांमुळेच. आधी ती फेरीबोटीवर तिकिटं फाडायची. "ते बघा, तुतारी पक्षी आले," असं म्हणत ती पाण्याकडे हात करायची आणि तेवढ्यात चार माणसं न फाडलेली तिकिटं घेऊन आत जायची. तीच तिकिटं ती माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायची. जुन्या सिग्नलवाल्यांनी ऑफिसला सांगितलं, "हिला खाली ठेवाल तर नुकसान आहे. वर पाठवा." तशी ती वर आली. भरती-ओहोटीची नोंद, वाऱ्याची दिशा, येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींशी वायरलेसवर बोलणं, ही तिची कामं. ती हे सगळं नीट करते. पण लोकांच्या लक्षात राहते ती टोपली.

आणि याच टोपलीने दोन आठवड्यांपूर्वी तिला तोंडघशी पाडलं.

त्या दिवशी धुकं असं होतं की खिडकीतून कठडादेखील दिसत नव्हता. अशा वेळी कानांवरच भिस्त ठेवावी लागते. सकाळी धुक्यातून आवाज आला: किर्रिक, किर्रिक. पुन्हा आला. सुरयांची वेळ अजून झाली नव्हती, पण वारा दक्षिणेचा होता, त्या वाऱ्यावर एखादा थवा लवकर येऊ शकतो. बाईने आणखी एकदा ऐकलं आणि टोपली चढवली. धुक्यात टोपली कोणाला दिसणार, म्हणून वायरलेसवरही सांगितलं.

फेरीबोट चालवतो तिचा धाकटा दीर. "आले?" त्याने विचारलं.

"आले."

"तुम्ही पाहिलेत, वहिनी?"

"ऐकलेत. तुम्ही लांबून या, भाऊजी."

तीन दिवस बोट लांबून गेली. वेळापत्रक अजून हिवाळ्याचंच होतं, त्यामुळे पलीकडच्या काठावर राहणाऱ्या शाळेच्या बाईंचा रोज पहिला तास बुडाला. पलीकडून येणारा पाव लोकांची न्याहारी उरकल्यावर पोचू लागला. आणि धुकं विरळ झालं तेव्हा दांड्यावर एक खेकडा सोडून कोणी नव्हतं.

बंदराचे साहेब वर आले. साहेबांचं ऑफिस बरोबर खाली आहे. मऊ बोलणारा, सरळ माणूस. त्यांना एक जुना खोकला आहे: दोन लहान, एक लांब, जणू आत येण्याआधी दारावर टकटक करावी. दिवसातून कितीदा तरी तो खालच्या खिडकीतून वर येतो.

"बाई, सुरय कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात खांबावरून आवाज आला: किर्रिक, किर्रिक.

"हा बघा," बाई म्हणाली आणि दोघांनी वर पाहिलं. आडव्या दांडीवर मैना बसली होती. तिने पुन्हा एकदा अगदी सुरयासारखं किर्रिक केलं. मग सिग्नलच्या खोलीचं दार उघडताना बिजागरी करकरते, तो करकराट. आणि त्यानंतर दोन लहान, एक लांब.

साहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"हे कोण खोकलं?"

"तुम्ही, साहेब."

"मी तोंड मिटून उभा आहे."

"खोकला तुमचा. खोकली ती."

मागच्या उन्हाळ्यात सुरय धक्क्यापाशी मासे टिपायला येत, तेव्हा या मैनेने त्यांचा आवाज उचलला असणार. त्या जातीच्या मैनांना नकलांची खोडच असते. हे बाईला माहीत नव्हतं असं नाही. पण धुक्यात, दक्षिणेच्या वाऱ्यात, मन आधीच दांड्याकडे लागलेलं असताना, तिला मैना आठवली नाही. कधी पक्ष्यांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याला तो आवाज ऐकूच आला नसता.

टोपली खाली आली. साहेब रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. ते म्हणाले, "माझ्या वरच्या ऑफिसचं कधीपासून म्हणणं आहे की एक तारीख ठरवून टाका. दरवर्षी त्या तारखेला लांबचा रस्ता सुरू, ठरल्या तारखेला बंद. मी आतापर्यंत टाळत आलो. पण आणखी एकदा असं झालं तर मला टाळता येणार नाही."

"तारीख कुठली?"

"पुढच्या महिन्याची अखेर."

"तोपर्यंत ते येऊन, लाटा खाऊन निघूनही जातील. सुरय कॅलेंडर बघून निघत नाहीत, साहेब."

"खरं आहे. पण बाई, शाळा कॅलेंडर बघूनच भरते."

साहेब जिना उतरून गेले. तिने दाराच्या बिजागरीला तेल घातलं. करकर थांबली. आता करकर ऐकू आली तर ती मैनेचीच, एवढी तरी खूण हाताशी राहिली.

घरी त्याची दुसरीच कथा झाली. दीर शेजारच्याच घरात राहतो आणि जेवायला मात्र हमखास इकडे असतो. त्या रात्री पानावर बसल्या बसल्या तो सासूबाईंना म्हणाला, "आई, परवा वायरलेसवर कोण होतं माहीत आहे? मैना. मी तिला हो वहिनी, हो वहिनी म्हणतोय."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय, तिने सांगितलं तशी तीन दिवस बोट फिरवली. डिझेल जाळलं."

"मैनेचं ऐकलंस, ते बरं केलंस. माझं तर कधी ऐकत नाहीस."

बाईचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या लेखी पक्षी दोनच जातींचे, बोटीवर घाण करणारे आणि न करणारे. तो जेवत होता, पण त्याने ताटातून मान वर काढली. "इंजिनात असा आवाज येतो कधी कधी," तो म्हणाला. "वाटतं बेअरिंग गेलं. उघडून बघावं तर बाजूला ठेवलेला पान्हा थरथरत असतो. आवाज आला की आधी आजूबाजूचं सगळं हातात धरून बघायचं. मग इंजिन उघडायचं."

"तुम्ही कधी उघडून बसलात का चुकून?" बाईने विचारलं.

"एकदा नाही, खूपदा."

"मग मला काय शिकवता?"

"शिकवत नाही. मीठ दे."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? माझ्या लग्नात मी भलत्याच माणसाला वाकून नमस्कार केला होता. मांडववाला होता तो. त्याने आशीर्वाद दिला आणि तोच लागला बघ."

बाई हसली, पण झोपताना तिच्या डोक्यात कॅलेंडरच होतं.

त्यानंतरचे दिवस वसंताचेच होते. धक्क्याच्या पायथ्याशी फळा आहे. त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहितात आणि खाली मोकळ्या जागेत, ज्याला जे दिसेल ते. एरवी तिथे हरवलेल्या छत्र्या असतात. थंडी संपत आली की पक्षी येतात. पाववाल्याने पहिली भिंगरी पाहिली, त्याच्या दुकानाच्या तारेवर, शेपटीच्या दोन लांब काड्या वाऱ्यात हलवत. टपालवाल्याला खाडीच्या चिखलात चिखल्यांचा थवा दिसला. जाळी शिवणाऱ्या आजोबांनी सांगितलं की त्यांच्या कौलांखाली पिवळा धोबी येऊन बसतो. ते धोब्याला दरवर्षी तोच समजतात आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. बाई उतरताना सगळं वाचायची, पक्ष्याचं नाव चुकलं असेल तर बोटाने पुसून नीट लिहायची.

एके दिवशी कोणीतरी लिहून ठेवलं: "काल संध्याकाळी साहेब खोकताना दिसले. मैनेकडून खात्री करून घ्यावी."

अक्षर दिराचं होतं. तो मान्य करत नव्हता. तिने ते पुसलं नाही. खाली फक्त लिहिलं: "खात्री केली. साहेबच."

मैनेने दरम्यान संसार मांडायला घेतला होता. सिग्नलच्या खोलीच्या मागच्या बाजूला, वळचणीला, एक फळी निखळून भोक पडलंय. त्यात ती सकाळपासून काड्या नेत असे. काड्या नेऊन झाल्या की खांबावर बसून पूर्ण कार्यक्रम सादर करायची: सुरय, बिजागरी, खोकला. कधी मधली बिजागरी गाळायची. खोकला मात्र कधी गाळला नाही. बाईने स्वतःसाठी नियम केला. किर्रिक आलं की थांबायचं. मागून खोकला आला तर मैना. नाही आला, आणि डोळ्यांना काही दिसलं, तरच टोपली.

तर त्या सकाळी काचा पुसून झाल्या. मैना खांबावरून उडाली आणि कामाला लागली. पहिली बोट सहा पंचावन्नला जवळच्या रस्त्याने पलीकडे गेली. रात्री वारा फिरला होता. धुकं म्हणावं असं नव्हतं, पण खाडीच्या तोंडावर एक दुधाळ पडदा धरला होता. दांड्याची अलीकडची कड दिसत होती, पलीकडची नाही. बाईने वाऱ्याची नोंद केली, दुर्बीण पुसली, गळ्यात अडकवली.

साडेसातला दिराने पलीकडून कळवलं, "निघालो. शाळेच्या बाई आहेत. पाव आहे. आणि एक शेळी आहे, तिचं तिकीट काढलंय."

"या. रस्ता मोकळा."

वायरलेस ठेवला आणि तेवढ्यात आवाज आला. किर्रिक. किर्रिक.

बाईने आधी खांबाकडे पाहिलं. दांडी रिकामी होती. पण मैना छपरावर असेल, मागे असेल, त्याचा काय भरवसा? ती दोरीजवळ गेली, गाठ सोडली, दोरी हातात धरली आणि थांबली. दुर्बिणीतून दांड्याकडे पाहिलं. पांढरा पडदा. बिजागरी करकरली नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला.

मग खोकला आला. दोन लहान, एक लांब.

बाईने दोरी सोडून दिली. "मेली," ती पुटपुटली. गाठ पुन्हा मारायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच तिला जिन्यावर पावलं ऐकू आली. पाठोपाठ पुन्हा तोच खोकला, आता दारातच. साहेब हातात चहाचा कप घेऊन उभे होते.

"साहेब, मघाशी खोकलात ते तुम्हीच का?"

"बाई, आता खोकायलाही तुमची परवानगी घ्यायची का?"

"तसं नाही. जिन्याखाली असताना एकदा खोकलात का?"

"खोकलो असेन. मी मोजत नाही." त्यांनी तिच्या हातातली दोरी पाहिली आणि कप टेबलावर ठेवला. "का? काय झालं?"

तिने सांगितलं. बोट निघाली होती. दहा मिनिटांत ती दांड्याला खेटून जाणार होती. त्या पडद्यामागे सुरय असतील तर आजच आलेले, आजच बिचकलेले. नसतील, आणि टोपली चढली, तर दुसरी चूक आणि कॅलेंडर. आवाज तिने ऐकला होता. पण मागच्या वेळीही ऐकलाच होता.

"दिसले?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

बाईला त्या रात्रीचं नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि थरथरणारा पान्हा. "साहेब, तुम्ही मागच्या खिडकीतून वाका आणि वळचणीला मैना आहे का बघा. मी समोर बघते."

साहेब हे करतील असं कोणाला वाटलं नसतं. त्यांनी चष्मा खिशात घातला, पुन्हा काढून डोळ्यांवर लावला, खिडकीवर पोट टेकवलं आणि अर्धे बाहेर वाकले.

"आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज बाहेरून येत होता. "भोकाच्या तोंडाशी. चोचीत काडी आहे, हातभर लांब. ती आडवी धरलीय, त्यामुळे आत जात नाहीये."

"तिच्यावरून नजर काढू नका."

"काढत नाही. काडी उभी धर, वेडे."

शेवटचं मैनेला होतं.

आणि समोरून, पडद्यामागून, पुन्हा आवाज आला: किर्रिक. किर्रिक, किर्रिक. एकाचा नाही, दोघांचा, एकमेकांत मिसळलेला.

"साहेब?"

"तोंड बंद आहे हिचं," साहेब बाहेरूनच म्हणाले. "काडी तशीच आहे. मी शपथेवर सांगतो. चढवा टोपली."

बाईने ते वाक्य पुरतं ऐकलं नाही. कप्पी करकरत होती आणि टोपली अर्ध्यावर पोचली होती. ती वर टेकली तशी तिने दोरीला गाठ मारली आणि वायरलेस उचलला.

"भाऊजी, लांबून या."

थोडी खरखर झाली. "वहिनी, सुरय की मैना?"

"सुरय."

"मैना कुठे आहे?"

"साहेबांच्या डोळ्यांसमोर."

"साहेब कुठे आहेत?"

"खिडकीत. अर्धे."

पुन्हा खरखर. मागे शेळी ओरडली. मग दीर म्हणाला, "वळवली. तुम्ही सांगायच्या आधीच वेग कमी केला होता. शाळेच्या बाई पुढे उभ्या आहेत. त्या म्हणाल्या, पाण्यात कोणीतरी दगड मारतंय. मी म्हटलं, इथे भर खाडीत दगड कोण मारणार?"

"दगड कुठे पडत होते?"

"दांड्याच्या अलीकडे. एक, मग दुसरा. दुसरा पाण्यातून मासा घेऊन वर आला, तेव्हा मी समजलो." तो थांबला. "पिवळ्या चोची आहेत, वहिनी. मी पाहिल्या. फळ्यावर माझं नाव टाका."

"शाळेच्या बाईंचं टाकते. पहिल्यांदा त्यांनी पाहिले."

"त्यांनी दगड पाहिले. सुरय मी पाहिले."

"धक्क्याला लागा, मग भांडा."

बोट पडद्यातून बाहेर आली ती दांड्यापासून चांगली लांब, बोयाच्या पलीकडून. मागची लाट मोकळ्या पाण्यात पसरून विरून गेली. साहेब खिडकीतून आत आले. शर्टाच्या पोटावर शेवाळाचा हिरवा पट्टा उमटला होता. चहा निवला होता, तरी त्यांनी तो प्यायला.

"गेली आत," ते म्हणाले. "काडी. शेवटी टोकाकडून धरली."

बाईने मान हलवली. तिचे डोळे दुर्बिणीला लागलेले होते आणि कोपरं तिने चौकटीवर टेकवली होती.

नऊच्या सुमाराला ऊन चढलं आणि पडदा उचलला गेला. दांड्याच्या पाठीवर सात-आठ पांढरे ठिपके बसले होते, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. मधूनच एखादा उठायचा, एक घिरटी घालायचा आणि परत तिथेच टेकायचा. परत तिथेच टेकत होता, हे महत्त्वाचं. बाईने साहेबांना दुर्बीण दिली. साहेबांनी बराच वेळ पाहिलं.

"एवढेसे?" ते म्हणाले.

"एवढेसेच असतात."

"आणि यांच्यासाठी मी खिडकीत लोंबकळलो."

"हो."

साहेबांनी दुर्बीण परत दिली. "कॅलेंडरचं मी वर कळवतो. तारीख ठरणार नाही, टोपलीच राहील. पण एक नियम करावा लागेल, म्हणजे मलाही काही सांगता येईल." त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, त्यावर लिहिलं आणि दोरीच्या वरच्या खिळ्याला टोचलं. सुरयाचा आवाज आल्यास प्रथम मैना कुठे आहे ते दोन माणसांनी पाहावे. नंतर टोपली.

"वरच्या ऑफिसला हे कळेल का?"

"नाही कळणार. विचारतील, तेव्हा इथे बोलवून ऐकवू." असं म्हणून ते जिना उतरू लागले आणि मधल्या पायरीवर खोकले. वरून, छपरावरून, लगेच प्रतिसाद आला. दोन लहान, एक लांब. साहेबांची पावलं क्षणभर थांबली, मग पुढे गेली.

दुपारी फळ्यावर बाईने लिहिलं: "सुरय आले. प्रथम पाहणाऱ्या: शाळेच्या बाई. दुसरे: बोटवाले भाऊजी. तिसरी: शेळी." संध्याकाळी ती उतरली तेव्हा दिराने शेळीला दुसऱ्या नंबरावर चढवून स्वतःला तिसरं केलं होतं आणि कंसात लिहिलं होतं, ती पुढे उभी होती.

शाळेच्या बाई परतीच्या बोटीची वाट बघत तिथेच उभ्या होत्या. त्यांनी टोपलीबाईला विचारलं, "आता हे किती महिने?"

"पिल्लं उडेपर्यंत. तुमच्या सुट्टीपर्यंत म्हणा."

"मग माझा पहिला तास?"

"त्याचं बोलून झालंय. बोट लवकर सुटेल."

"बरं," शाळेच्या बाई म्हणाल्या. "मुलांना सांगितलंय मी, दगडासारखे पडतात म्हणून. कोणाचा विश्वास बसेना. परवा आणते सगळ्यांना वर."

"सज्ज्यावर एका वेळी चारच मावतात."

"मग चार-चार आणते."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दीर हातवारे करून साहेबांचं वाकणं दाखवत होता आणि ते करताना त्याने पाण्याचा तांब्या लवंडला. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "आधी आजूबाजूचं बघितलंस?"

"बघितलं."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि फडकं आणायला उठला.

"तुझं नाव बदलणार आता," सासूबाई तिला म्हणाल्या. "टोपली चढवली साहेबांनी सांगितल्यावर. म्हणजे टोपलीसाहेब ते."

"त्यांना द्या. मला काय त्याचं?" बाई म्हणाली. पण तिच्या पातळाच्या काठावर यंदाचा पिवळा डाग होता आणि तो काढायचा तिचा काही विचार दिसला नाही.

जेवण आटोपल्यावर तिने घड्याळाचा गजर पंधरा मिनिटं आधीचा लावला. धक्क्यावरच्या वेळापत्रकाची पाटी साहेबांनी दुपारीच उलटी फिरवून घेतली आहे. तिच्या मागच्या बाजूला उन्हाळ्याच्या वेळा रंगवलेल्या आहेत. उद्या पहिली फेरीबोट सहा पंचावन्नला नाही, सहा चाळीसला सुटेल, आणि बाहेरच्या बोयावरून जाईल.